सकाळी काय खाल्लं?

कोकणात बोटीवर राहून आला म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणतात. खरं नाव मी कधी विचारलं नाही. नेवाशाजवळ धरणाच्या फुगवट्यात त्याची शिडाची होडी असते. रविवारी तो पाहुण्यांना फिरवून आणतो. पैसे घेत नाही. ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या वसतिगृहासाठी पायलीभर बाजरी आणायची, एवढंच. पाहुण्यांना लाइफ जॅकेट बांधायला मी सोबत असते.

वारा नीट असला की तो तोंड उघडत नाही. शिडाकडे बघत सुपारी चघळतो. पण वारा फिरला की एकदम मायेनं विचारतो, "मावशी, सकाळी काय खाल्लं?" मग भाज्यांवरून बायकांची जुंपते, पाण्याकडे कुणी बघत नाही आणि तेवढ्यात तो शीड उतरवून घेतो. हे माझ्या ध्यानात आल्यापासून तो प्रश्न ऐकला की मी सगळ्यांच्या जॅकेटचे बंद पुन्हा तपासते.

परवा कोल्हारच्या म्हाताऱ्या होत्या. मधोमध पोचलो आणि आभाळ भरून आलं. त्यानं पहिलीला विचारलं, मग दुसरीला. वांग्याच्या भरतात शेंगदाण्याचं कूट घालतात का, यावर हशा पिकला. होडी एका अंगाला कलली. दोर कप्पीत अडकला होता; शीड खाली येईना. तो दोराला हिसके देत होता, आवाज मात्र तसाच मऊ.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला त्यानं आजवर कधीच विचारलं नव्हतं.

"आन् ताई, तुमी काय खाल्लं?"

मी उपाशीच निघाले होते.

"पिठलं!" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी हसत ओरडले. "लई तिखट झालं बघा!"