उमरठच्या पपया
परवा कच्ची पपई चिरताना चीक हाताला लागला आणि त्या उग्र वासाने मला एकदम उमरठला नेलं. तेव्हा मी शेतकी खात्यात नवा होतो. बिरवाडीकडच्या पपयांची पानं पिवळी पडून आक्रसली होती. मावा ही बारीक कीड हा रोग पसरवते, आणि वाऱ्याबरोबर ती पावसाआधी उमरठला पोचणार, असा माझा अंदाज होता. गावात शिरताच एका विधवा बाईची फळांनी लगडलेली नऊ झाडं होती. पोलादपूरच्या बाजारात पपया विकून तिचं घर चालायचं. रोग येण्याआधीच ती झाडं तोडा, असं मी तिला सांगितलं. "सायेब, एका पानाला पन काय नाय झालंय," ती म्हणाली. "झाल्यावर उपाय नाही, बाई. पहिला तुमच्याकडे येईल आणि मग गावभर जाईल," मी म्हणालो. तिने स्वतःच कोयती घेतली आणि नऊही झाडं तोडली. तिच्या शेजाऱ्याने मात्र मला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या वर्षी गेलो, तर शेजाऱ्याच्या पपया हिरव्यागार उभ्या होत्या. रोग आलाच नव्हता. "माझी तोडली म्हनून त्याची वाचली ना, सायेब?" बाईने विचारलं. मी "हो" म्हणालो. तिचा चेहरा खुलला. ते "हो" खरं होतं की खोटं, हे नोकरी संपून इतकी वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही.