सुबाभूळ समजून तोडलेला खैर

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता इंजिनिअर आहे. पनवेलजवळच्या नेरे गावापलीकडे डोंगरउतारावर एक वाडी आहे, तिथल्या रानात सुबाभूळ माजली होती. तिच्या दाटीत दुसरं झाड वर येईना. वाडीतल्या लोकांना ती काढायची होती, परवानगीही मिळाली होती; पण उतार मोठा आणि झाडं विखुरलेली. म्हणून ड्रोनने वरून फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला सुबाभूळ ओळखायला शिकवायचं, असा तिचा बेत होता.

"मॅडम, शिकवायला झाडं ओळखणारं माणूस हवं," ती म्हणाली. "आम्हाला दाखवायचात, तसंच त्यालाही दाखवायचं."

मी लगेच हो म्हटलं. फोटो दिवाळीनंतर काढले होते. पनवेलच्या माझ्या घरी, खिडकीशी बसून मी रोज त्या हिरव्या पसाऱ्यात एकेका झाडाभोवती रेघ ओढायची. ही सुबाभूळ, ही नाही. अशी पुष्कळ झाडं दाखवली, की उरलेली मशीन आपण होऊन शोधून काढतं. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे वर रानात जायचं मी टाळलं. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय, पिसांसारखी पानं वरूनही ओळखू येतील, असं वाटलं.

पौषात तोडणी सुरू झाली तेव्हा मात्र मी गेले. वाट दाखवायला वाडीतल्या एक मावशी होत्या, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या. मी मागे पडले तशी बाहेरगावाहून आणलेली तोडणारी माणसं मोबाइलवरचा नकाशा बघत पुढे गेली. मावशी माझ्यासाठी थांबत थांबत चालल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पहिलं झाड आडवं झालं होतं.

मावशी वाकल्या. कापलेल्या खोडावरून त्यांनी हात फिरवला. आतला गाभा तांबडालाल होता.

"बाई, हा खैर हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनला काटं दिसत नाय काय?"

फांदीवरचे आकडेदार काटे मला दहा पावलांवरून दिसत होते. "मशीनची चूक नाही, मावशी," मी म्हटलं. "त्याला मीच चुकीचं शिकवलं."

मावशींनी तोडणाऱ्यांना कोयते खाली ठेवायला लावले. मग नकाशावरची पुढची झाडं आम्ही दोघींनी पायी बघितली. बरीचशी सुबाभूळच होती, पण मधूनमधून खैर निघत होता. उतरताना मला रडू आवरेना. मावशींनी पदरानं माझा चेहरा पुसला, लहान मुलीचा पुसावा तसा. "वरनं दोगं सारखंच दिसत असतील," त्या म्हणाल्या. "पण शिमग्याला बगा. खैर बोडका होतो. ही बया हिरवीच राहते, नि शेंगांनी लगडलेली."

घरी येऊन मी विद्यार्थिनीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, शिमग्याला परत ड्रोन उडवू. मशीनला दोन्ही फोटो एकत्र दाखवू. हे मला सुचायला हवं होतं." तोपर्यंत तोडणी थांबवली.

शिमग्यानंतर नवे फोटो आले तेव्हा मी मावशींना घरी बोलावलं. पिशवीभर तांदळाचे पापड घेऊन त्या बसने आल्या. कॉम्प्युटरपुढे बसल्यावर सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचं घर शोधलं. "कौलं फुटलीत की," त्या म्हणाल्या, "खालनं कळलं नवतं." मग त्या बोट ठेवत गेल्या आणि मी रेघा ओढत गेले. करड्या, निष्पर्ण फांद्यांचं जाळं म्हणजे खैर. हिरव्यात तपकिरी झुपके म्हणजे सुबाभूळ. एके ठिकाणी मी घाईने रेघ ओढली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा. तो शिरीष हाय, माज्या सासऱ्यानं लावलेला." तीन दिवस हे चाललं. दुपारी आम्ही पापड तळून खायचो.

दुसऱ्या खेपेला मशीनने बहुतेक सगळं बरोबर सांगितलं, तरी सगळं नाहीच. म्हणून आता यादी आधी मावशींकडे जाते. त्या चालून बघतात, खडूने खूण करतात, मगच कोयता चालतो. एकही खैर पुन्हा पडला नाही.

पावसाळ्यात तोडलेल्या बुंध्यांना नवे फुटवे आले, तेव्हा विद्यार्थिनी काळजीत पडली. मावशींनी शेळ्या तिकडे वळवल्या. शेळ्यांना तो पाला फार आवडतो. दिवाळीत मी गेले, तेव्हा ते बुंधे सुकत आले होते आणि आपोआप रुजलेली खैराची रोपं कुठे दिसतात, ते मावशी मला दाखवत होत्या. रोपांकडे शेळ्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं होतं. मी गुडघ्यांची तक्रार केली, तर म्हणाल्या, "बसा हितंच. मोजून मी सांगते, तुमी लिवा."