आधी पोटभर

लालबागला आमच्या मजल्यावर आगबोटीवर स्वयंपाकी असलेला एक म्हातारा मालवणी राहायचा. पिल्लं काढायची म्हणून त्याने अमेरिकेहून बिनविषारी, पट्टेरी सापांची जोडी आणली होती. दोघांना वेगवेगळ्या पेट्या. रोज सकाळी जाळीवर टकटक करून तो त्यांची विचारपूस करायचा.

एका संध्याकाळी मुंबईसाठी छातीवर गोळ्या झेलायची गर्जना करून मी मोर्चातून परतलो. म्हातारा नराला मादीच्या पेटीत सोडत होता. मला पेटीचं झाकण धरायला बोलावलं, तर मी धोतर सावरत स्टुलावर चढलो.

"घाबरतास कित्याक? जेवलेत ते," तो म्हणाला. "हे साप सापाकच खातत. आधी दोगांकय पोटभर जेवूक घालूक व्हया. उपाशी भेटले, तर लगीन ऱ्हवता बाजूक आणि एक दुसऱ्याक गिळता."

घरी पोचताच नेहमीसारखं ताट तयार होतं. एवढा मान चाळीतल्या दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला नाही, अशी माझी समजूत. जेवताना मी ती सापांची गंमत रंगवून सांगितली.

बायको हसली नाही. आणखी एक भाकरी वाढत म्हणाली, "मग मी उगाच का तुम्ही आल्याबरोबर ताट वाढते?"