हवालदाराच्या मुलीचं मॅट्रिक

आमच्या शाळेचा इतिहास कुणी सांगायला लागलं की मला आजही तिथून उठून जावंसं वाटतं. सांगतात ते खोटं नसतं. नायगावात गिरणी कामगारांच्या आणि कारकुनांच्या मुलांसाठी हायस्कूल नव्हतं, म्हणून काही जाणत्या माणसांनी चाळीतल्या खोल्यांत वर्ग सुरू केले. पुढे इमारत झाली तेव्हा माझ्या वडिलांनी आणि गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणाऱ्या त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी तिच्या विटा वाहिल्या. इथपर्यंत मी ऐकून घेते. मग सांगणारा संयुक्त महाराष्ट्रावर येतो, आमची शाळा त्या लढ्यात कशी ताठ उभी राहिली ते सांगतो, आणि माझं डोकं फिरतं. मी त्या वर्षी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होते. शाळा किती ताठ होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या शेजारी बाकावर बसायची ती एका हवालदाराची मुलगी. कऱ्हाडकडची माणसं, राहायला पोलीस लाइनीत. वर्गात ती फारशी बोलायची नाही, कारण बोलली की गावाकडचा हेल यायचा आणि मुलं हसायची. पण भूमितीत तिच्याजवळ जाणारं कुणी नव्हतं. एखादं रायडर, म्हणजे प्रमेयावरचं अवघड उदाहरण, कुणालाच सुटलं नाही की गणिताचे सर खडू तिच्यापुढे धरायचे. ती फळ्याशी जायची, थोडा वेळ नुसती आकृतीकडे बघायची आणि एक रेघ अशा ठिकाणी काढायची की पुढचं सगळं आपोआप उलगडायचं. सर म्हणायचे, ही मुलगी आपल्या शाळेचं नाव काढणार. मला तिचा हेवा वाटायचा आणि अभिमानही.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि परळ-लालबाग पेटलं. गोळ्या चालल्या. आमच्या मागच्या चाळीतला एक तरुण मुलगा गेला, त्याची आई कितीतरी दिवस गॅलरीत बसून राहायची. माझ्या वडिलांच्या खांद्यावर लाठी बसली, ती अशी की त्यांना सदरा आई चढवायची. हे सगळं मी विसरलेले नाही. चाळीतल्या लोकांना खाकी कपडा दिसला की तिडीक का यायची ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्याच दिवसांत बाहेरगावाहून जादा पोलीस आणले आणि आमच्या शाळेत उतरवले. हेडमास्तरांनी किल्ल्या काढून दिल्या. एका शब्दानेही विचारलं नाही की मॅट्रिकच्या मुलांनी आता कुठे बसायचं. उलट साहेबांना चहा पोचला की नाही ते बघायला शिपायाला दोनदोनदा पाठवायचे. शाळेच्या फाटकातून आत बघितलं की अंगणात चूल पेटलेली दिसायची आणि चुलीत आमचे बाक. आशियाचा नकाशा न्हाणीच्या दाराला पडदा म्हणून लावलेला. माझ्या वडिलांनी विटा वाहिलेल्या इमारतीत मला पाऊल टाकायची सोय नव्हती.

परीक्षा तोंडावर आलेली. तेव्हा गणिताच्या सरांनी पुढाकार घेऊन चाळीच्या व्यायामशाळेत वर्ग सुरू केला. मलखांबाला फळा टेकवला, आम्ही तालमीच्या सतरंजीवर बसलो. सरांचं मोठं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. माझी बाकावरची शेजारीणही आली. माझ्याजवळ बसली. सर फळ्यावर आकृती काढत असताना व्यायामशाळेतले तिघे-चौघे तरुण दारात उभे राहिले. त्यातला एक, ज्याला आम्ही सगळ्या दादा म्हणायचो, त्याने शांतपणे सांगितलं की पोलिसाची मुलगी इथे बसणार नाही.

सरांची पाठ आमच्याकडे होती. मला वाटलं, आता ते वळतील आणि त्याला दोन शब्द सुनावतील. ते वळले आणि तिला म्हणाले, "बाळ, तू थोडे दिवस घरीच अभ्यास कर."

मी उभी राहून म्हटलं की तिने काय केलंय. दादा म्हणाला, तिच्या बापाला विचार. मी म्हटलं, तिचा बाप कॉटन ग्रीनला गोदामावर पहाऱ्याला आहे, इथे नाहीच. कुणी ऐकलं नाही. सरांनी मला खाली बसायला सांगितलं. तोवर ती वही छातीशी धरून निघून गेली होती.

त्या दिवसापासून वर्ग सुटला की मी पोलीस लाइनीत जाऊन तिला झालेला भाग सांगू लागले. खरं तर सांगायचे कमी आणि विचारायचेच जास्त. हे चाळीत कळलं. वडिलांना सोबत्यांनी गिरणीच्या दारात हटकलं असावं, कारण घरी आल्याबरोबर ते म्हणाले की उद्यापासून तिकडे जायचं नाही. मी काही बोलायच्या आधी आई चुलीपुढून त्या मुलीची बाजू घेत तिच्या मालवणीत म्हणाली, "त्या चेडवान खंय बंदूक चालवल्यान?" वडील खांदा चोळत बसले. त्यांनी परत नाही म्हटलं नाही, पण हो असंही कधी म्हटलं नाही. मी जात राहिले.

तिचे वडील एकदाच माझ्याशी बोलले. "आमी काय मनानं जातोय व्हय पोरी? मुंबई आमाला नकोय का?" मी वही उघडून तिच्याकडे वळले.

पोलीस गेले, शाळा आम्हाला परत मिळाली, आणि मग खरा प्रकार कळला. व्यायामशाळेतले दिवस आमच्या हजेरीत धरले होते. तिथेच सराव म्हणून घेतलेली परीक्षा शाळेची पूर्वपरीक्षा ठरली होती. ती पूर्वपरीक्षेला नव्हती, म्हणून तिला बोर्डाच्या परीक्षेला बसवता येणार नव्हतं. ती, तिचे वडील आणि मी, असे हेडमास्तरांकडे गेलो. तिचे वडील गणवेश न घालता धोतर-टोपीत आले होते, आणि आत जाताना टोपीसुद्धा काढून हातात धरली. साहेब, पोरीची आता परीक्षा घ्या, कितीही कठीण काढा, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

हेडमास्तरांचं म्हणणं असं की नियम नियम असतो. मी म्हटलं, तिला सरांनीच घालवलं, विचारा त्यांना. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"आवाज खाली ठेव," हेडमास्तर मला म्हणाले. "ही शाळा लोकांच्या जिवावर चालते. उद्या लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

बंदूकवाल्या साहेबाने किल्ल्या मागितल्या तेव्हा या माणसाच्या तोंडून नियम हा शब्द निघाला नव्हता. टोपी हातात धरून उभ्या असलेल्या हवालदारापुढे मात्र तो बरोबर निघाला.

मी मॅट्रिक झाले. गणितात मला जे गुण मिळाले त्यातले बरेचसे तिचे आहेत. तिला पुढच्या वर्षी बसवू असं घरचे म्हणत होते, पण उन्हाळ्यात ती गावी गेली आणि तिथेच तिचं लग्न लावून दिलं. सासरी शेती, म्हशी, मोठं कुटुंब. मी कॉलेजात जायला लागले.

मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी शाळेत समारंभ होता, जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावणं होतं. नवे बाक आले होते. हेडमास्तर बोलले की सरकारने शाळा हिसकावून घेतली तरी आम्ही एकाही मुलाचं वर्ष वाया जाऊ दिलं नाही. टाळ्या पडल्या. दादा पहिल्या रांगेत होता, त्यानेही वाजवल्या. भाषणं संपल्यावर मी गणिताच्या सरांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, एकीचं गेलं."

सर प्रसन्न होते. "कुणाचं?" त्यांनी विचारलं.

ते नाटक करत असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मी नाव सांगितलं, बाक सांगितला, व्यायामशाळा सांगितली. "हो, हो," ते म्हणाले, "हुशार होती. काय करते आता?" आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या कुणाचा तरी नमस्कार घ्यायला वळले.

मी तिथून निघाले ती सरळ पोलीस लाइनीत गेले. तिथेही कंदील लावले होते. तिचे वडील दारात उभे राहून पोरांच्या हातावर साखर ठेवत होते. माझ्याही हातावर ठेवली. तिची आई म्हणाली, तिला दुसरीही मुलगीच झाली, सासू धुसफुसतेय. मी विचारलं, ती काही वाचते-लिहिते का.

"कुठलं गं," तिची आई म्हणाली, आणि मला बसायला पाट दिला.