अपेक्षाला कोणी पाठवलं?

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या फायनलला आमच्या पोलादपूरच्या मुली दोन गुणांनी हरल्या आणि खापर फुटलं ललिता उतेकरच्या डोक्यावर.

ललिता उमरठची, माझ्या बहिणीच्या वर्गातली. सकाळी अंगणवाडी सांभाळायची, तीनच्या एसटीने पोलादपूरला उतरायची आणि कॉलेजच्या मुलींना चढाई शिकवायची. मुख्य कोच सुनील सर पकड बघायचे. चढाईचं सगळं हिच्याकडे. लग्नाआधी तुडीलच्या मैदानावर तिने एकाच चढाईत चौघींना बाद केलं होतं. ते पाहिलेली माणसं अजून आहेत, पण हरलेल्या कोचचं जुनं कोण आठवतो?

फायनलची शेवटची चढाई, आपण एका गुणाने मागे. सगळ्यांना वाटलं, स्नेहल जाणार. तीच संघाची हुकमी खेळाडू. ललिताने पाठवलं पहिल्या वर्षाच्या अपेक्षाला. अपेक्षा उजव्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच तिचा घोटा धरला गेला.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडसमोरच्या दीपकच्या टपरीवर हाच विषय. मुंबईहून सुट्टीला आलेला प्रवीण म्हणाला, "सिस्टिमच चेंज करायला पाहिजे. बाईंना हटवा, बात खतम."

"चार वर्सांपूर्वी आपला संघ पयल्याच फेरीत घरी यायचा, ते इसरलास काय रे?" भागोजीकाका त्याच्यावर धावून गेले.

त्यातच बातमी आली की कशेडी घाटाच्या पलीकडचा खेडचा एक क्लब ललिताला बोलावतोय. अर्धे म्हणाले, जाऊ दे. अर्धे म्हणाले, ही गेली तर संघ मोडेल. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तेच. मीही लिहिलं होतं, 'वेळेवर गेलेलं बरं.'

तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरून ती सरळ टपरीवर आली.

"चालू दे की. मी आले म्हणून थांबलात?"

प्रवीणने विचारलंच, "मॅडम, अपेक्षाला कोणी पाठवलं?"

"मी."

"मग चूक झाली म्हणा ना."

"हरलो म्हणते. चूक नाय म्हणत. उद्या तीच वेळ आली तर परत तिलाच पाठवीन." चहा न घेताच ती मैदानाकडे निघून गेली.

त्या आठवड्यात कॉलेजच्या क्रीडा समितीने तिला बोलावलं. पुढचं मला सुनील सरांकडून कळलं. समितीवाले गोड बोलत होते. खेडची संधी चांगली आहे, तुम्ही राजीनामा द्या, आपण सन्मानाने निरोप देऊ.

"निरोप कशाला? मी कुठे चाललेय?" ललिता म्हणाली. "काढायचं असेल तर कागदावर कारण लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा."

पेन कोणीच काढलं नाही. तेव्हा सर म्हणाले, "चढाई ताईंकडेच राहील. नाहीतर पकडीलाही दुसरा माणूस बघा." बैठक तिथेच संपली.

त्याच संध्याकाळी स्नेहलचा आवाजी मेसेज ग्रुपवर आला. फायनलच्या आदल्या दिवशी तिचा गुडघा सुजला होता. घरी कळलं तर खेळणं बंद होईल, म्हणून तिने फक्त ताईंना सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून गळ घातली होती. मग माफीचे मेसेज सुरू झाले. त्यात माझाही एक.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच जण मैदानावर गेलो. ललिता स्नेहलवर चिडली होती.

"कशाला सांगितलंस गो?"

"तुम्हाला शिव्या पडत होत्या, ताई."

"पडू देत. तुझा गुडघा धड असता तरी मी अपेक्षालाच पाठवलं असतं. मागे सरताना तू डावा पाय आधी उचलतेस, ते त्यांच्या कोपऱ्यातल्या पोरींना पाठ झालं होतं. दोनदा धरली नाय काय तुला?" मग ती आमच्याकडे वळली. "तुम्ही माफी मागताय ती गुडघ्याची. माझा निर्णय तुम्हाला अजून पटला नाय. नको पटू दे."

खरंच पटला नव्हता. मान खाली घालून आम्ही परत फिरलो.

खेडला तिने नकार कळवला. यंदा आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. अपेक्षाने अकरा गुण आणले, तरी भागोजीकाकांच्या मते बोनस गुण आणखी घ्यायला हवे होते, आणि प्रवीणने मुंबईहून फोन करून काकांशी भांडण केलं. मैदानावर आता सहा नव्या मुली आल्यात. कुंपणाबाहेरून कोणी सल्ला दिला की ललिता मागे न बघता ओरडते, "मोठ्यानं बोला, वाऱ्यात ऐकू येत नाय!" आणि पुढच्या मुलीला रेषेवर उभी करते.