अक्काच्या वतीनं दिलेलं उत्तर

हे आजवर माझ्या पोटातच राहिलं. बायकोला सांगितलं नाही. आबांना — माझ्या थोरल्या भावाला — तर नाहीच नाही. आता आबा गेले, हे ऐकून माझी गचांडी धरील असं घरात कुणी उरलं नाही, म्हणून तुझं तोंड उघडलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तेही काही खोटं नाही.

मी यावलचा डॉक्टर. दवाखाना राहत्या घराच्या ओसरीतच आहे. दोन बाकं, एक टेबल, मागं पडदा, आणि पडद्याच्या पलीकडं सरळ माजघर. फोडणी घातली की पेशंटला ठसका लागतो, इतकं जवळ. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं लागेल.

अक्का म्हणजे माझी वहिनी. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, तिनंच बदडलं, आणि पुण्याला डॉक्टरकी शिकायला पाठवा म्हणून आबांशी अबोलाही तिनंच धरला. माहेर तिचं सोनगीरचं. आमच्याकडं इतकी वर्षं काढली, पण बोली सोडली नाही. 'आहे'ला ती 'शे' म्हणे, त्याची आम्ही टिंगल करायचो. ती म्हणायची, तुमचं यावलवाल्यांचं बोलणं म्हणजे केळीचा घड, लोंबतच राहतं. मला ती भाऊ म्हणे. डॉक्टर झाल्यावरही भाऊच, पण तेव्हापासून जरा ताठ मानेनं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. अक्काला रक्त पडत होतं. मूळव्याध आहे म्हणून ती कित्येक महिने सुरण खात गप्प बसली. घरात डॉक्टर, आणि त्यालाच सांगायची लाज! हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या तेव्हा मी विचारलं, आणि तिनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं. दिरानं वहिनीला तिथं तपासायचं कसं? मी नाही तपासलं. पण वेळही दवडला नाही. दुसऱ्याच दिवशी तिला आणि आबांना घेऊन एस.टी.नं जळगाव, तिथून धुळे. तिथवर मी नीट वागलो. खरंच वागलो.

पारोळ्याच्या अलीकडं तिनं माझ्या शर्टाची बाही धरली. लेकाचं लग्न नुकतंच जमलं होतं. सून येईल, पहिल्या श्रावणात घरात कानबाई देवी बसेल, तिच्या नैवेद्याचे रोट कसे करायचे हे सुनेला कोण दाखवणार, असं काहीबाही ती मघापासून बोलत होती. मग एकदम म्हणाली, "माले अजून जगनं शे, भाऊ."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, तरी पुढचं केलं.

धुळ्याचे सर्जन दक्षिणेकडचे होते. मराठी जेमतेम, खानदेशी अजिबात नाही. माणूस मात्र असा शांत, की त्यांच्यापुढं आपला आवाज आपोआप खाली यायचा. त्यांनी तिला तपासलं, नळीतून आत पाहिलं, बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला, पांढरं औषध आत सोडून फोटो काढले. आणि मग मला खोलीत बसवून, हाताखालच्या डॉक्टरला समजवावं तसं, सगळं उलगडून सांगितलं.

डॉक्टर ठरवतात म्हणजे काय करतात, हे लोकांना मोठं गूढ वाटतं. मलाही वाटायचं. त्या दिवशी ते मी जवळून पाहिलं. आतड्याचा कॅन्सर आहे, हे कळल्यावर काम सुरू होतं, संपत नाही. गाठ हलते की मागं चिकटून बसली आहे? अक्काची हलत होती. यकृत हाताला गुळगुळीत लागतं की खडबडीत? गुळगुळीत. पोटात पाणी? नाही. छातीचा फोटो? स्वच्छ. अंगात रक्त कमी, पण ते चढवता येईल. म्हणजे कापून काढण्यासारखी गाठ होती, आणि बरं होण्याची आशा होती. अडचण एकच, जागेची. गाठ वर असती तर मधला भाग काढून दोन्ही टोकं शिवली असती. ही मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला. शिवायला खाली काही उरणारच नाही. म्हणजे खालची वाट कायमची बंद, आणि पोटावर डाव्या बाजूला भोक पाडून तिथून नवी वाट. जन्मभर.

ते म्हणाले, हातानं करायचं ते मी करीन. पण ज्या माणसाला ही वाट नको असते तो ऑपरेशननंतर खाणं सोडतो, लाजेनं झुरतो आणि जातो. म्हणून मी आधी विचारतो. नवऱ्याला नाही, पेशंटला. माझी भाषा त्यांना समजत नाही. तुम्ही जा, त्यांच्या भाषेत विचारा. सगळं सांगा आणि मगच विचारा.

मी उठलो. व्हरांड्यातून बायकांच्या वॉर्डाकडं गेलो. दाराशी उभा राहिलो. अक्का खाटेवर बसून शेजारच्या म्हातारीची वेणी घालत होती. मला पाहून हसली. आणि मी —

थांबा. आधी मी सर्जनना काय सांगितलं ते सांगतो. मी आत पाऊलसुद्धा न टाकता परत फिरलो. व्हरांड्यात थोडा वेळ काढला, विचारून यायला लागतो तेवढा. मग सर्जनच्या खोलीत जाऊन म्हणालो, "ती नको म्हणते."

त्यांनी चष्मा काढला. नीट समजावलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो. वर कारणही दिलं. आमच्याकडं श्रावणात कानबाई बसते, नारळाची देवी. तिच्या रोटांचं दळण, पुरण, सगळं सोवळ्यात. घरच्या थोरल्या बाईनंच करायचं, आणि ते भाऊबंदांखेरीज कुणाला द्यायचंही नाही. पोटावर अशी वाट असलेल्या बाईला जात्याला हात लावता येणार नाही. देवीपासून तुटून तिला जगायचं नाही, ती मरण पत्करील. किती छान बोललो! परमुलखातला माणूस, त्याला काय ठाऊक? त्यांनी मान खाली घातली आणि आमच्या चालीरीतींचा मान राखला.

नंतर मी अक्काकडं गेलो. काय म्हने डॉक्टर, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, ऑपरेशन होण्यासारखं नाही. आबा बाहेर टोपी हातात घेऊन बसले होते, त्यांनाही तेच. एका माणसाला सांगितलं की बाई नको म्हणते, आणि बाईला सांगितलं की डॉक्टर नको म्हणतो. मधे मी एकटा. दोघं एकमेकांची भाषा बोलणारे नव्हते, त्यामुळं पकडलं जायचीही धास्ती नव्हती.

मग मला रडू आलं. खोटं नव्हतं ते, पण त्याचं करायचं काय? अक्कानं माझं डोकं मांडीवर घेतलं. "तू शेस ना, मंग माले काय भेव?" म्हणाली, आणि उलट माझीच समजूत काढत बसली.

आता तुम्ही म्हणाल, रीतीभातींच्या भीतीनं केलंस. इतकी वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण नाही हो. कानबाई माझ्या डोक्यात आली ती त्या खोलीत, तोंड उघडल्यावर. व्हरांड्यात माझ्या डोक्यात दुसरंच होतं. पुण्याला शिकताना वॉर्डात असा एक म्हातारा होता. पोटावर फडकी बांधलेली, आणि तो वास. मी नाकाला रुमाल लावून त्याच्या खाटेपुढून जायचो. व्हरांड्यात मला तो वास आला, आणि आमची ओसरी दिसली. पडदा दिसला. बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडं बघताना दिसले. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, बायको शहरातली. दवाखाना नुकता कुठं चालायला लागला होता. अक्का जगली असती तर त्या पडद्याच्या पलीकडं जगली असती. मला ते नको होतं. जिनं माझं हगणंमुतणं काढलं, तिच्या अंगाचा वास मला माझ्या घरात नको होता.

झालं. एवढंच होतं ते.

अक्कानं पुढचा श्रावण पाहिला. सून आली होती. कानबाई बसली, तेव्हा अक्काला जात्यापाशी बसण्याचं त्राण नव्हतं. सोवळं बिवळं कुठलं! उंबऱ्याशी खाट टाकून घेतली आणि तिथून सुनेला ओरडून ओरडून शिकवलं — पीठ सैल झालं, पुरण वाटलं नाही, गाणं असं नाही, असं. म्हणजे तसंही चाललंच की. खाटेवरून चाललं. पोटावर वाट असती तरी असंच चाललं असतं. हे मी पडद्याच्या दाराशी उभा राहून पाहिलं.

रोट झाले, आणि तिनं पहिला माझ्या हातात दिला. आबांच्या आधी. म्हणाली, "तुनामुये मी इतले दिन जगनू, भाऊ."

दिवाळीआधी ती गेली. शेवटी शेवटी मी मॉर्फिन देत होतो. मला वाखाणणारे पुष्कळ होते, असा दीर मिळायला भाग्य लागतं म्हणून.

मध्ये बरीच वर्षं गेली. तिच्या भाच्याच्या लग्नाला सोनगीरला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक नाना बसले होते, मजेदार माणूस, व्याह्यांची टवाळी करत दोनदा जिलेबी मागून घेतली. हात धुताना मी डॉक्टर आहे कळल्यावर त्यांनी सहज धोतराचा काठ सरकवून पोटावरच्या वाटेवर बांधलेला पट्टा दाखवला. धुळ्याच्या त्याच सर्जनच्या हातचं ऑपरेशन. "पहिलं वरीस वंगाळ गेलं," म्हणाले, "मंग सवय व्हयनी. वास येस का, डॉक्टर?"

आख्खी पंगत मी त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवलो होतो. मी म्हटलं, नाही.

आमच्या घरी अजून कानबाई बसते. अक्काची सून आता सगळं तिच्याइतकंच नेटकं करते, आणि सासूनं घालून दिलेली रीतही पाळते. पहिला रोट माझ्या ताटात येतो. सगळे माझ्याकडं बघत असतात.

मी तो खातो.