लाल चौकोनातली माणसं

आमच्या आत्यांना कुणाचा चेहरा लक्षात राहायचा नाही, पण तो माणूस त्यांच्या यादीत कितव्या ओळीवर आहे हे बरोबर राहायचं. कळंबच्या बसस्टँडवर एखाद्यानं "आत्या, ओळखलं का?" म्हणून वाकून नमस्कार केला, की त्या चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "नाव सांग, मग ओळखते." नाव कळलं की त्याच्या धाकट्या मेव्हण्यापर्यंत सगळं बाहेर यायचं.

आत्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीच्या तोंडावर शाळेत कॉम्प्युटर आला. बाकीच्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झाकून ठेवला. आत्या झाकण काढून एक्सेल शिकल्या. त्यात त्यांनी आमच्या अख्ख्या भावकीची आणि पैपाहुण्यांची यादी मांडली. नाव, गाव, फोन, कुणाचं कोण. घरात लग्न निघालं की आधी आत्यांची फाईल यायची, मग ब्राह्मण. गंमत म्हणजे त्यांनी त्यात स्वतःचंही नाव घातलं होतं. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "मी मलाबी धरते, बापू. न्हाईतर पंगतीत एक पान कमी पडतं."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकताच पायथन शिकत होतो. धाराशिवच्या कचेरीत जन्मभर टपाल नोंदवलेला माणूस केस पिकल्यावर प्रोग्रॅमिंग शिकला, की त्याच्या तोंडाला आवर घालणं अवघड. लायब्ररी म्हणजे काय, तर कुणा शहाण्यानं आधीच लिहून ठेवलेलं आयतं काम. ती घेतली की दोन ओळींत एक्सेलची सगळी फाईल वाचून होते, उघडावीसुद्धा लागत नाही. मीही उघडली नाही. फाईल उघडून डोळ्यांनी बघणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं. प्रोग्रॅमनं नावं वाचली, नंबर उचलले, आणि चहा निवायच्या आत सगळ्या गणगोताच्या मोबाईलवर पत्रिका जाऊन पडली. बायकोला म्हणालो, "बघ, तुझ्या माहेरच्यांनी यासाठी तीन आठवडे घालवले होते."

संध्याकाळी येडशीच्या मामांचा फोन आला. "बापू, मोबाईलवर बोलवलंस, लई बरं केलंस. आता जेवणबी मोबाईलवरच धाड. आमी इथंच जेवतो." मग परंड्याहून आला, भूमहून आला. सगळे असेच गोड. आमच्याकडं माणूस इतका गोड बोलायला लागला, की तो लग्नाला येत नाही असं समजावं.

घाबरून आत्यांना फोन लावला.

"रंग बघितलेस का फाईलीतले?"

"कसले रंग?"

मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. नावाचा चौकोन पांढरा असला तर नुसती पत्रिका चालते. पिवळ्याला फोन. आणि लाल असला तर घरी जायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षत द्यायची. माझ्या प्रोग्रॅमनं अक्षरं तेवढी वाचली होती. रंग मी त्याला विचारलेच नव्हते.

"रागवा की हो, आत्या."

"रागावून लग्न व्हतंय का? उद्या सकाळी गाडी घेऊन ये. गुडघ्याला तेल लावून बसते."

चार दिवस आम्ही हिंडलो. मागच्या सीटवर अक्षतांची पिशवी, आत्यांच्या मांडीवर वहीच्या कागदावर उतरवलेली नावं. दर घरी गुडघा धरून उतरायच्या, दर घरी चहा प्यायच्या. येडशीला मामा पाठ फिरवून बसले होते. आत्या म्हणाल्या, "चूक मिशीनची हाय, दादा. मिशीनला रंग दिसत न्हाईत."

"आन् ह्याला?" मामांनी माझ्याकडं हनुवटी केली.

"ह्याला आता दिसाया लागलेत."

मामा हसले. अक्षत घेऊन कपाळाला लावली आणि चहा सांगितला.

शेवटच्या दिवशी परतताना मी विचारलं, "संपले का लाल?"

"एक राहिलंय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "जाऊ दे. जवळचंच हाय ते."

मी त्यांना कळंबला दारात सोडलं. घाई होती, गाडीतून खालीसुद्धा उतरलो नाही.

लग्नाला सगळे आले. मामा दोन पंगतींना बसले. आत्या दिवसभर वाढत होत्या आणि सगळ्यात शेवटी जेवल्या.

आत्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता मुलाचं लग्न ठरलंय. मध्यंतरी मी दुसरी लायब्ररी शिकलो. ती चौकोनाचा रंगही सांगते. परवा तिच्याकडून फक्त लाल नावं मागितली. वीस आली. आम्ही तर एकोणीस घरं फिरलो होतो. पुन्हा मोजली. मग पहिल्यांदाच फाईल उघडून डोळ्यांनी बघितली. विसावं नाव आत्यांचं होतं.

घरच्या माणसाला कसली अक्षत, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि मी तर अक्षतांची पिशवी घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो.

काल तुळजापूरला देवीपुढं पहिली अक्षत ठेवली आणि तिथून थेट कळंब गाठलं. आत्यांच्या दाराला कुलूप आहे. या वेळी गाडीतून उतरलो. चौकटीला कुंकवाचं बोट लावलं, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. "लग्नाला यायचं बरं का, आत्या," म्हणालो.

शेजारच्या बाई डोकावल्या. "कोन पायजे? तिथं कुणी ऱ्हात न्हाय आता."

"व्हय, ठाऊक हाय," मी म्हणालो. "बोलवायला आलतो."